ह्यांचे मार्क माझ्यापेक्षा दोन जास्त

गुरुवार, ६ मार्च. संध्याकाळी ५.४०

आज संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, अकरा लोकांसमोर (एक झोपलेला धरून) चित्रपट मंडळाच्या चिटणीसांनी ह्यांची गुणपत्रिका माझ्या हातात परत ठेवली. वेळ अचूक आहे. मी घड्याळ पाहिलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि परीक्षक म्हणून पेपर तपासले. कॉपी पकडली की आधी वेळ लिहायची, मग आवाज चढवायचा.

क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कोणी फाटे फोडायला नको. मंडळ दर गुरुवारी तीन वाजता सिनेमा दाखवतं. एक मोठा दिग्दर्शक घ्यायचा, त्याचे सिनेमे ओळीने पाहायचे, प्रत्येकाला शंभरपैकी मार्क आणि एक शेरा द्यायचा. गुणपत्रिका घरी भरून पुढच्या गुरुवारी जिन्याखालच्या डब्यात टाकायची. दर वेळी सरासरी काढून क्रमवारी फळ्यावर लागते. आमचं सभासदत्व जोडीचं आहे आणि जोडीला गुणपत्रिका दोन. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण सभासदत्व कोणी बदललेलं नाही. मीही नाही. तेव्हापासून दोन्ही पत्रिका मी भरते. माझी काळ्या शाईने, ह्यांची निळ्या.

चिटणीस (पूर्वी दातांचे डॉक्टर, समोरचा बोलू लागला की अजून त्याच्या दाढा मोजतात) म्हणाले, बाई, गेलेल्या माणसाने सिनेमा पाहिलेला नसतो. मी म्हटलं, मागच्या रांगेतले घोरपंत चार वर्षं घोरतायत, त्यांचे मार्क तुम्ही धरता. यावर कोणी हसलं नाही. वास्तविक हसण्यासारखं होतं. म्हणजे सगळं आधी ठरलेलं होतं.

निमित्त काय, तर सध्याच्या दिग्दर्शकाचा पाचवा सिनेमा सगळ्यांना फार आवडला आणि आमच्या दोन पत्रिकांमुळे तो खाली घसरला. कोणीतरी तक्रार केली. मी विचारलं, मग दोन वर्षं कशा घेतल्यात? म्हणाले, वाटलं होतं, तुम्ही आपणहून थांबाल.

मी काय उचकी आहे, आपणहून थांबायला?

ह्यांचे मार्क मी अंदाजाने देत नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात एक नियम सिद्ध झालेला आहे. ह्यांचे मार्क माझ्यापेक्षा दोन जास्त. जेवणाच्या टेबलावर मी आकडा सांगायची, हे मान डोलवायचे आणि दोन वाढवून लिहायचे. मी पन्नास, हे बावन्न. स्वभावच मवाळ.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ७

निश्चय झाला. मंडळात पाऊल टाकणार नाही. स्वतःचं मंडळ काढणार. आणि चालू दिग्दर्शकाच्या अकराच्या अकरा सिनेमांची अधिकृत क्रमवारी घरी तयार करून त्यांच्या फळ्याशेजारी लावणार. बघू या, लोक कोणती वाचतात.

हा दिग्दर्शक जगप्रसिद्ध आहे. त्याचं नाव मंडळात फक्त मला उच्चारता येतं, म्हणून बाकीचे त्याला खिडकीवाला म्हणतात. कारण प्रत्येक सिनेमात खिडकी. माणूस खिडकीशी बसतो, बाहेर पाहतो, आणि आपण समजून घ्यायचं की तो दुःखी आहे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीचा एकतर गृहपाठ झालेला नसतो, नाहीतर तिचं लक्ष नसतं. तिसरी शक्यता नाही. हे तर बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं दारं-खिडक्यांचेच नकाशे काढत होते. खिडकीत पाहण्यासारखं काही नसतं हे ह्यांच्याइतकं कोणाला माहीत?

माझी पद्धत: कथेला तीस, शिस्तीला वीस, संवादांना वीस, शेवटाला वीस, टापटिपीला दहा. टापटीप म्हणजे पलंग आवरलेला आहे का, पात्रं तोंडात घास ठेवून बोलतात का. आजवरच्या दिग्दर्शकांच्या सरासऱ्या अशा. तोफखाना (प्रत्येक सिनेमात काहीतरी पेटतं) ४१. मौनीबाबा (कोणी बोलत नाही, निदान शांतता मिळते) ५८. डिस्टिंक्शनच्या जवळ एकच सिनेमा पोचला होता, मौनीबाबाचा शेवटचा, त्याला ७५ देणार होते. शेवटी नावं फार भराभर सरकली म्हणून एक कापला. ७४. ह्यांचे अर्थात ७६.

रविवार, ९ मार्च. सकाळी ११

लेकीचा फोन. प्रकरण सविस्तर सांगितलं. म्हणाली, बाबांचे मार्क तू देत होतीस? मला बोलली नाहीस कधी. नंतर पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी आलं असावं. मग म्हणाली, आई, इकडे ये ना महिनाभर, मोकळी आहेस. मी म्हटलं, मोकळी? माझ्या डोक्यावर अकरा सिनेमे आहेत.

तिचं म्हणणं, त्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर नको होतं करायला, पण त्यांचं तसं चुकलं काय? दुसऱ्याची वकिली करणं बापावर गेलं आहे. म्हणजे मवाळपणा.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी ५

बहिष्काराचा पहिला दिवस. संपूर्ण यशस्वी. वाचनालयात गेले नाही. समोरच्या फुटपाथवर काम होतं, मोठं पाकीट घ्यायचं होतं. स्टेशनरीचं दुकान बंद होतं म्हणून उघडेपर्यंत थांबले. तीनपासून पावणेपाचपर्यंत. वरच्या मजल्याचे पडदे ओढलेले, फटीतून निळा उजेड हलत होता. एकदा सगळे मिळून हसले. एकाही माणसाने खाली डोकावून पाहिलं नाही, की बाई का आल्या नाहीत.

दुकान गुरुवारी बंदच असतं. हे मला माहीत होतं, पण खात्री केलेली बरी.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी ६

स्वतंत्र चित्रपट मंडळाचं उद्घाटन. वेळ दुपारी तीन, स्थळ माझा हॉल. सहा खुर्च्या मांडल्या, ऐनवेळी गर्दी झाली तर म्हणून दोन स्टुलं. फोन नऊ जणांना केले होते. तिघांचे गुडघे, दोघांचे पाहुणे, एकाने मी कोण हे दोनदा विचारलं, बाकीचे बघू म्हणाले. बघू म्हणणारा माणूस कधीही काहीही बघत नाही.

वरच्या मजल्यावरची पडदे शिवणारी आली. हातात काम घेऊनच आली. अंधार करू देईना. काकू, सुई दिसत नाही म्हणे. सिनेमा लख्ख उजेडात पाहावा लागला. खिडकीवाल्याचा सातवा लावला होता. मंडळात तीन वर्षांपूर्वी एकदा दाखवला होता, तेव्हा ह्यांच्याबरोबर पाहिलेला. त्यामुळे निकाल तयारच होता, उजळणी फक्त.

पाचव्या मिनिटाला तिने विचारलं, काकू, ही बाई खिडकीतच बसणार का? हिला घरात कोणी नाही का? मी म्हटलं, नवरा आहे, आत चहा करतोय, गप्प बघ. विसाव्या मिनिटाला गिऱ्हाईक आलं म्हणून उठली. जाता जाता म्हणाली, काकू, तुम्ही मधेमधे शेजारच्या खुर्चीशी काय बोलत होता?

मी म्हटलं, नोंदी.

एकूण उपस्थिती समाधानकारक.

रविवार, १६ मार्च. दुपारी ४

सातव्याचा अधिकृत निकाल. एक म्हातारी दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चुका काढते. कोणाची कॉलर वाकडी, कोणाची सायकल उलट्या बाजूने. नवरा चहा आणून देतो. साखर कमी, म्हणते. दुसऱ्या दिवशी जास्त, म्हणते. दोन तास हेच. शेवटी नवरा खुर्ची ओढून शेजारी बसतो आणि सिनेमा संपतो. याला शेवट म्हणत नाहीत.

माझा शेरा: बाई अत्यंत हेकट. जगाला तपासते, स्वतःकडे एकदाही पाहत नाही. अशा बाईबरोबर दोन तास कोण काढेल? ३४.

ह्यांचे ३६. निळ्या पेनाची शाई संपत आली आहे. नवं आणायला हवं.

गुरुवार, २० मार्च. दुपारी ३.३०

अपील दाखल. तीन पानं, समास सोडून. मागणी एकच. मंडळाच्या कपाटात ह्यांच्या स्वतःच्या हाताने भरलेल्या जुन्या पत्रिका आहेत, त्या काढा आणि माझ्या पत्रिकांशेजारी ठेवा. दोनचा नियम आंधळ्यालाही दिसेल. मग ह्यांचे मार्क ह्यांचेच आहेत हे सिद्ध होईल आणि चिटणीस अकरा लोकांसमोर माफी मागतील. घोरपंतांना आधी उठवायचं.

चिटणीसांनी जिन्याखाली उभं राहून तिन्ही पानं वाचली. पेशंटला दात काढावा लागेल हे सांगतानाचा चेहरा झाला. म्हणाले, बाई, राहू द्या. पुढच्या गुरुवारपासून दोन्ही पत्रिका टाका डब्यात. मी काही म्हणणार नाही.

म्हणजे घाबरले. मी म्हटलं, मला मेहेरबानी नको, निकाल हवा.

ते म्हणाले, बाई, ऐका माझं. मी म्हटलं, चौतीस वर्षांत मी फेरतपासणीला कधी घाबरले नाही.

सोमवार, २४ मार्च. सकाळी ११.२०

चिटणीस स्वतः घरी आले. मोठं पाकीट. (आणलं कुठून कोणास ठाऊक, मला तर दुकान बंदच मिळालं.) बसा म्हटलं तर खुर्चीच्या टोकावर बसले.

म्हणाले, तुम्हाला चढायला वेळ लागायचा, म्हणून तुम्ही आधी वर जायचात. हे खरं आहे. हे म्हणायचे, तू हो पुढे, मी पत्रिका टाकून येतो. चिटणीस म्हणाले, डब्यापाशी ते दर वेळी माझ्याकडे एक कोरी पत्रिका मागायचे. आणि पेन. उभ्यानेच लिहायचे. घरून आणलेली घडी करून खिशात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. मग म्हणाले, नाही, खरं सांगायचं तर तसं वाटलं नव्हतं.

मी विचारलं, मग दोन वर्षं माझी दोन जास्तवाली पत्रिका घेताना तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, हो.

अर्धा चहा टाकून गेले. साखर विचारायची राहिली.

मंगळवार, २५ मार्च

सत्तेचाळीस पत्रिका. दोन वेळा मोजल्या.

दोनने जास्त एकही नाही.

मौनीबाबाचा शेवटचा, मी ७४ दिलेला: ४०. शेरा: झोप आली. मान सरळ ठेवली.

तोफखान्याचे सगळे सत्तरच्या वर. एकावर शेरा: मजा आली. घरी बोलायचं नाही.

खिडकीवाल्याचा पहिला (हाही तीन वर्षांपूर्वीच दाखवलेला): ८८. शेरा: खिडकी उघडते चुकीच्या बाजूला, पण उजेड खरा आहे.

खिडकीवाल्याचा सातवा: ९१. शेरा: या बाईबरोबर आणखी दोन तास बसलो असतो.

अक्षर ह्यांचंच आहे. नकाशावर लिहायचे तसं, सुटं सुटं.

बुधवार, २६ मार्च. दुपारी १

नव्वदच्या वर ह्यांनी दुसऱ्या कशालाही दिलेले नाहीत. तपासलं. त्या सुमारास चष्म्याचा नंबर वाढला होता हे लक्षात घ्यायला हवं. शिवाय त्या दिवशी हॉलमध्ये खूप उकडत होतं.

सातवा पुन्हा लावला. बाईत काहीही सापडलं नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एके ठिकाणी ती नवऱ्याला म्हणते, कप उजवीकडे ठेव, आणि तो डावीकडे ठेवतो आणि हसतो. हे आधी दोन्ही वेळा नजरेतून सुटलं होतं. तिच्याही.

आठवा लावला. माझे ४७. निळं पेन उघडून बसले. ४९ लिहायला हात गेला नाही. दुसरा आकडाही येईना. पत्रिका कोरी.

दोन वर्षांत शंभरेक पत्रिका मी ह्यांच्या नावाने टाकल्या. ते मार्क कोणाचे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवते.

गुरुवार, २७ मार्च. दुपारी २.१५

चिटणीसांना द्यायच्या पत्राची नक्कल इथे ठेवते.

चिटणीस, चित्रपट मंडळ, यांस.

दिनांक २० मार्चचे अपील मी मागे घेत आहे. घाबरून नव्हे. यापुढे माझी एकच गुणपत्रिका धरावी. मागील दोन वर्षांच्या निळ्या शाईतील सर्व पत्रिका रद्द समजाव्यात आणि पाचव्या सिनेमाला त्याची जागा द्यावी.

तथापि एक बाब निकाली निघालेली नाही. सातव्या सिनेमाची ९१ गुणांची पत्रिका भरली जात असताना आपण शेजारी उभे होता आणि पेन आपले होते. माझे यजमान त्या वेळी त्या बाईबद्दल आणखी काय म्हणाले, ते शब्दशः लेखी कळवावे. स्वतःचे दोन शब्द घालू नयेत. ते हसले असल्यास तशी नोंद करावी. वर जाण्याची घाई करत होते की रेंगाळत होते, हेही लिहावे. आठवत नाही, हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.

आपले लेखी उत्तर गुरुवार, दिनांक ३ एप्रिल रोजी दुपारी तीनच्या आत, म्हणजे सिनेमा सुरू होण्यापूर्वी, माझ्या हातात पडावे. मी वर येणार नाही. जिन्याखाली, डब्यापाशी उभी असेन.