थंडीच्या गोष्टी भंगारात जाणार नाहीत

अण्णा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती गॅलरीतल्या तिच्या वर्गात शेजारपाजारच्या मुलांना लोकरीच्या चिमण्या करायला शिकवत होती. तुम्ही शिफ्टवरून आलात आणि सगळ्यांसमोर ओरडलात, "आवर तुझा पोरखेळ!" तिने हसून "झालंच हं" म्हटलं आणि अर्धवट राहिलेल्या चिमण्या हातात देऊन मुलांना घरी पाठवलं.

आज, तेरावं व्हायच्या आतच, ती मुलांना वाचून दाखवायची ती थंडीच्या गोष्टींची पुस्तकं आणि तिची लोकर तुम्ही भंगारवाल्यासाठी दारात काढून ठेवलीत. मी ती उचलून शेजारच्या नेहाकडे नेली आहेत. मुलं तिथेच येतील, वर्ग मी घेणार आहे.

आमटी गरम करून घ्या.

कधी बोलले नाही ते आत्ता लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले: आईला तुमची भीती वाटायची. मलाही वाटायची. आता नाही वाटत.

करिष्मा