पांढऱ्या पट्ट्याचं पिल्लू

२८ जाने.
पुष्पप्रदर्शनात थोरल्या जाऊबाईंना बक्षीस. (यापुढे नुसतं थो.जा.; सबंध लिहून शाई घालवणार नाही.) स्नेक प्लांट, पानाच्या मधोमध पांढरा पट्टा. माझ्या गॅलरीतलं! साध्या हिरव्या झाडाला आलेलं ते एकच वेगळं पिल्लू, दोन वर्षं जपलेलं. आई दवाखान्यात होती तेव्हा पाणी घालायला किल्ली थो.जा.कडे दिली होती. "कुजलं गं ते, टाकून दिलं," म्हणाल्या होत्या. आज कार्डावर त्यांचं नाव, आणि फोटो काढायला मी.

२९ जाने.
हे म्हणतात, "एका झाडावरून भांडणार का आता?"
भांडणार नाही. भांडून माझं झाड थोडंच परत येणार.

११ फेब्रु.
थो.जा.चा फोन. "नर्सरीवाल्याला पन्नास रोपं हवीत. तू टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये होतीस ना? पानाचे तुकडे लावले तर येतात ना गं?"
"येतात की, वहिनी. न यायला काय झालं?"
खोटं बोलले नाही. रोपं येतील, पण सगळी साधी हिरवी. पट्टा फक्त गड्ड्यातून फुटलेल्या पिल्लात उतरतो. लॅबमध्ये साहेबांनी एकदा हौसेने असल्याच पानाचे तुकडे बाटल्यांत भरले होते. सगळ्या बाटल्या हिरव्यागार. साहेबांचं तोंड अजून आठवतं.

१६ फेब्रु.
कर्वेनगरहून मुद्दाम नारायण पेठेत थो.जा.कडे गेले. एकही पान ठेवलेलं नाही. तुकडे ओळीने लावलेत, मूळ कुंडीत नुसता गड्डा. "उलटे नाही ना लागले गं?" तीन उलटे होते, सरळ करून दिले. चहा दोनदा घेतला. फार बरं वाटलं.

२ जून
तुकड्यांना पिल्लं फुटली. "पट्टा कधी दिसेल?"
"मोठी होऊ द्या, वहिनी."

१९ जून
नर्सरीवाला बघून गेला. थो.जा.ने कौतुकाने बागमंडळाच्या बायकांनाही बोलावलेलं. "बाई, असली माझ्याकडे ढिगाने पडलीत," म्हणाला, सगळ्यांदेखत. सगळे गेल्यावर थो.जा. रडल्या म्हणे. मी श्रीखंड आणलं. आमच्या यांनी कारण विचारलं नाही.

२० जून
दुपारी थो.जा.चा फोन. आवाज बसलेला. "तुला माहीत होतं ना?" मग म्हणाल्या, "ती कुंडी रिकामी करते. गड्डा उद्याच्या घंटागाडीत टाकू का?"
"सकाळी सांगते."
पाण्यावाचून सुकलाय, पण आत जीव असेल. तो पट्टा आता तेवढ्यातच उरलाय. ठेवा म्हटलं तर पुन्हा कार्डावर त्यांचं नाव. मला द्या म्हटलं तर पट्टा गड्ड्यात आहे हे लगेच ओळखतील आणि मुळीच देणार नाहीत. टाका म्हटलं की संपलं, त्यांचंही, माझंही.

२१ जून
सात वाजले. घंटागाडी आठला येते. फोन हातात घेऊन बसले आहे. 'टाका' म्हणायला जीभ रेटत नाही. 'ठेवा' म्हणायला तर त्याहून नाही.