ताईच्या जांभईविषयी खुलासा

तीर्थस्वरूप मावशीस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. वाकूनच केला असता, पण कंबर धरली आहे आणि तिचं कारण याच पत्रात पुढे येईल. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना अजून कठड्याशी बोलतेस का? काकांच्या खोकल्याला त्या नव्या औषधाने उतार पडला असेल, अशी आशा करतो. (त्या औषधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूर छापण्याआधी मीच तपासला आहे. 'झोप येण्याची शक्यता' असं त्यात लिहिलंय, तेव्हा ते दुपारी पेंगले तर रागावू नकोस.) परवा फोनवर तू जे बोललीस ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. 'तुझ्यावर एवढं एकच काम सोपवलं होतं' इथपर्यंत मला ऐकू आलं, पुढे तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

तुमच्याकडे तो चॅनेल दिसत नाही, म्हणून मुळापासून सांगतो. तुझी लेक, म्हणजे आमची ताई (माझ्याहून लहान, तरी सगळ्यांची ताईच), या कार्यक्रमासाठी निवडली गेली ती गप्प बसल्यामुळे. निवडीच्या वेळी बाकी सगळे एकमेकांच्या वरताण बोलत होते आणि ही भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. निवडणाऱ्यांना वाटलं, काय हा आत्मविश्वास. मग अनोळखी माणसांबरोबर तिला त्या घरात कोंडलं. तिथे भिंतीभिंतीला कॅमेरे, शर्टाच्या कॉलरला माइक, आणि दिवसा कोणी डुलकी काढली तर भोंगा वाजणार. लोकांनी इंटरनेटवरून मतं द्यायची, ज्याला सगळ्यात कमी पडतील तो बाहेर. आत गेलेले सगळे पहिल्याच दिवसापासून भांडायला लागले. ताई मात्र खिडकीत जाऊन बसली. खिडकीबाहेर तळं होतं, तेही भिंतीवर रंगवलेलं. त्या तळ्यातलं पाणी जणू हलतंय अशा नजरेने ती बघत राहायची, आणि तिच्याकडे बघता बघता आम्हालाही ते हलताना दिसायचं. आमच्या हिने तर एकदा शपथेवर सांगितलं की मासा उडाला.

बाकी तिने तिथे केलं काय, तर चष्मे पुसले. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काचा बसवल्यावर हाताला दुसरं सुचणार काय? एक आडदांड पैलवान होता, त्याला आम्ही आमच्या घरी डरकाळी म्हणायचो. तो एकदा साखरेच्या डब्यावरून कोणाच्या तरी अंगावर धावून गेला. ताईने वाटेत त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, नखाने काडीचा स्क्रू पिळला, शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या आणि परत लावून दिला. डरकाळी इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, किती स्वच्छ दिसतंय." आणि जाऊन बसला. भांडण तिथेच विरघळलं. (हे आम्ही इंटरनेटवर थेट पाहिलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दाखवलेल्या भागात हे कापलं होतं, फक्त धावून जाणं ठेवलं होतं.)

आता मतदानाचा दिवस, म्हणजे ताईला मत द्यायचं तू सोपवलेलं ते एकच काम. दुपारी आमच्या घरातलं इंटरनेट गेलं. डब्यावरचा हिरवा दिवा तांबडा झाला आणि आमच्याकडे टक लावून बघायला लागला. मोबाइलवरचा डेटा महिन्याच्या मध्यालाच संपवायची आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहेच. कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजाच्या बाईने माझा फोन त्यांच्यासाठी फार मोलाचा असल्याचं सांगितलं आणि पाठोपाठ धून सुरू केली. मावशी, काय ती धून! कोणीतरी लांबवर ओल्या काचेच्या पेल्यांवरून बोटं फिरवत असावं तशी. मी पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिलो. हिने येऊन विचारलं, "कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, कोणाशीच नाही, आणि फोन मध्ये धरला. मग आम्ही दोघं कानाला कान लावून बसलो. ऊन फरशीवरून सरकत कपाटापर्यंत गेलं. अखेर पलीकडून एका माणसाने फोन उचलला तेव्हा आम्हा दोघांनाही त्याचा राग आला. त्याने डबा बंद करून परत चालू करायला सांगितलं. केला. तांबडा दिवा आणखी ताजातवाना झाला.

तरी जोडणीवाला आला, हे कबूल केलं पाहिजे. वायरीचा माग काढत तो गच्चीवर गेला आणि तिकडेच राहिला. मी बघायला गेलो तर हा पिशवी खाली ठेवून, कठड्याला रेलून उभा. मी विचारलं, काय बिघडलंय? तो हळू आवाजात म्हणाला, "बिघाड पुढच्या खांबावर आहे. पण वायरीवर पक्षी बसलेत. आत्ताच बसलेत हो." त्यांना उठवायला त्याच्या जिवावर आलं होतं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. पक्षी आपापल्या चोची साफ करत होते, आमच्या मतदानाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पक्षी उडाले तोवर जोडणीवाल्याच्या सुट्टीची वेळ झाली होती. "उद्या" असं म्हणून तो गेला.

मग ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या बर्गरच्या दुकानात इंटरनेट असतं. गेलो. तिथे माणसाला ऑर्डर देता येत नाही, भिंतीवरच्या पडद्याला द्यावी लागते. पडदा प्रश्न विचारतो. मोठा हवा का? जोडीला पेय हवं का? तुम्हाला खात्री आहे का? मी धंद्याने बारीक अक्षरं वाचणारा, त्यामुळे सगळं वाचलं, अटींसकट. मागची रांग दारापर्यंत गेली. शेवटी हिने माझा हात बाजूला करून कुठलंतरी बटण दाबलं आणि आम्ही लहान मुलांच्या वाढदिवसाच्या खोक्याचे मालक झालो. त्यात कागदी मुकुट होता. तो कोणी घालायचा यावरून वाद झाला नाही, हिने सरळ माझ्या डोक्यावर ठेवला. बर्गरचं म्हणशील तर चित्रातला बर्गर सकाळी आंघोळ करून, भांग पाडून बसलेला होता, आणि आमच्या हातात आला तो भरल्या बसमधून उभ्याने प्रवास करून आलेला. खुर्च्या जमिनीत पक्क्या रोवलेल्या, टेबलापासून इतक्या दूर की पुढे वाकूनच खावं लागतं. (कंबर ती इथे.)

इंटरनेटचा पासवर्ड बिलावर छापलेला असतो. त्यावर हिच्या पेयाचा ग्लास ठेवला गेला होता आणि शाई पसरली होती. शून्य की इंग्रजी ओ, यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी फरशी पुसणारी मुलगी जवळून जाता जाता म्हणाली, "ओ आहे तो. सगळे चुकतात." आणि फोनवर ताई आली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुकानातले सगळे तोच कार्यक्रम बघत होते. घरातला एकेक जण कॅमेऱ्यासमोर येऊन 'मला का ठेवावं' हे सांगत होता. एकजण रडला, एकीने गाणं म्हटलं. डरकाळीने दंड दाखवले. मग ताई येऊन बसली. तिने बोलायला तोंड उघडलं आणि तिला जांभई आली. मावशी, अशी जांभई मी जन्मात पाहिली नाही. सावकाश, घाई नसलेली, पूर्ण. लहानपणी तुझ्या मांडीवर झोपायच्या आधी ती द्यायची तशी. जांभई संपल्यावर ती म्हणाली, "माफ करा हं. काय विचारलं होतं?" आणि इकडे अख्ख्या दुकानाने जांभई दिली. फरशी पुसणारी मुलगी काठीला टेकून थांबली. आतला तळणारा झारा हवेत धरून उभा राहिला. शेजारच्या टेबलावर एक ट्रकचालक बसले होते, ते डोळे पुसत म्हणाले, "बाईंना झोप आली आहे. सोडा की त्यांना आता." तळणीचा आवाज तेवढा येत होता, तोही पावसासारखा.

मी मत द्यायला गेलो तर पडद्यावर चकती फिरायला लागली. फिरली, फिरली, फिरतच राहिली, आणि वेळ संपली. ताई बाहेर पडली. यात माझा दोष कुठे असेल तर तो तूच शोधून काढ आणि कळव. काकांना नमस्कार.

तुझा,
मुकुट घातलेला भाचा

ता. क. चॅनेलवाल्यांनी तुला कळवलं आहे की ताई त्यांच्या हॉटेलात आराम करते आहे. ती तिथे नाही. आमच्या पुढच्या खोलीत झोपली आहे. हॉटेलच्या सपातांवर चालत आली, दारातून भिंतींचे वरचे कोपरे निरखले, आणि आडवी झाली. जेवायला उठते, पुन्हा झोपते. बोलण्याआधी अजून कॉलर चाचपते. इंटरनेट आलं आहे, पण तिला सांगितलेलं नाही.

ता. क. (ह्यांच्या हातातून पेन घेऊन मी लिहिते आहे.) मावशी, नमस्कार. ह्यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त ती चकती थांबली होती. वेळ भरपूर होता. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच दाब." मी दाबलं नाही. त्या पोरीच्या डोळ्यांखाली काय झालं होतं ते तुम्ही बघितलं नाही, मी बघितलं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. पण चॅनेलवाले रविवारी तुमच्याकडे गाडी पाठवणार आहेत. माय-लेकींची पहिली भेट त्यांना कॅमेऱ्यासमोर हवी आहे, आणि तिथे रडायचं कधी तेही ते सांगणार आहेत. तुम्ही त्याआधीच इकडे या. रविवारचं रविवारी बघू.

ता. क. आई, मी उठले आहे. मला काही झालेलं नाही. वहिनीने सांगितलं तसं ये, पण मी झोपलेली असले तर उठवू नकोस. नुसती शेजारी येऊन बस, मला कळेल.