मेरी राणीचा धडा

प्रताप नगर, नागपूर

आई, सप्रेम जयभीम.

आज नववीला इंग्लंडचा इतिहास शिकवला. एडवर्ड राजा गेला, मेरी राणी झाली आणि राज्याचा धर्मच बदलला, प्रोटेस्टंटचा पुन्हा कॅथलिक. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, साध्या लोकायनं काय केलं?" "लपवालपवी," म्हणत मी पुढचं पान उलटलं.

सासरे गेल्यापासून घर मोठ्या दिरांच्या हाती आहे. सासऱ्यांनी या हिंदू घरात मला ठेवू दिलेली बुद्धमूर्ती परवा दिरांना खुपली. "विशाखा, हे आता घरात नाही चालणार." मी ती साड्यांखाली दडवली.

आज त्यांनी आमच्या मिनलला विचारलं, "मूर्ती कुठी आहे?" सहा वर्षांची पोर शांतपणे म्हणाली, "मम्मीनं आजीले देऊन टाकली." आजी म्हणजे तू. तिला हे मी शिकवलं नव्हतं.

पत्र टाकत नाही. वाचून तू न्यायला येशील आणि मी निघेन, याचीच भीती वाटते.

तुझी,
विशाखा