फिकट गुलाबी

प्रिय ताई,

फोनवर आपण एवढं बोलतो, मग पत्र कशाला, असं तू पाकीट बघूनच म्हणशील. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि ही गोष्ट मधेच तुटली तर माझ्याच्याने पुन्हा सुरू व्हायची नाही. तेव्हा चहा घेऊन निवांत बस.

मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘गॅसवरचं दूध सांभाळता येत नाही, हा अ‍ॅसिड काय सांभाळणार!’ विद्यापीठात पहिलं वर्षभर मला वाटत होतं की बाबांचंच खरं. प्रयोगशाळेत आम्हाला टायट्रेशन असतं. उभ्या काचेच्या नळीतून खालच्या चंबूत थेंब थेंब सोडायचा, चंबू गोल गोल हलवत राहायचं आणि आतलं पाणी फिकट गुलाबी झालं की तोटी बंद. एवढंच काम, पण माझा थेंब कायम पुढे जायचा. शेजारच्या टेबलावरची मुलगी अखंड बोलते म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. ती ओरडायची, ‘अरे, थांब की! केव्हाचं गुलाबी झालंय!’ मी वाकून बघायचो, तर आत साधं पाणी. मॅडम चंबू उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, ‘तुझ्या हाताला धीर नाही.’ मी धीर धरायला लागलो. इतका धरला की सगळे हात धुऊन जेवायला गेले तरी मी तिथेच, आणि उत्तर तरीही चुकलेलं. वसतिगृहाच्या खोलीत आडवा पडून विचार करायचो, आपल्याला लहानपणापासून सगळे वेंधळा म्हणतात ते काही उगीच नाही. आठवतं, गवतात गेलेला लाल चेंडू मी पायाखाली तुडवायचो आणि तू लांबून धावत येऊन उचलायचीस?

दुसऱ्या वर्षी एके दिवशी मॅडमनी मला फडताळातली हिरव्या द्रावणाची बाटली आणायला सांगितली. मी नेऊन दिली ती तपकिरी निघाली. वर्ग हसला. मॅडमना वाटलं मी टिंगल करतोय. त्यांनी मला बाहेर काढलं. जिन्यात बसलो होतो, तर मागून रेडिओ आली. पहिल्यांदाच गप्प होती. तिने स्वतःची ओढणी पुढे केली आणि विचारलं, ‘ही कुठल्या रंगाची?’ मी म्हटलं, ‘मातकट.’ ती म्हणाली, ‘हिरवीगार आहे रे.’ मग माझा दंडच धरून तिने मला मॅडमसमोर नेऊन उभं केलं.

मॅडमनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली. प्रत्येकात एक आकडा लपलेला असतो म्हणे. मला बहुतेक चित्रांत नुसते ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, लाल आणि हिरव्यातला फरक तुझ्या डोळ्यांना नीट कळत नाही, जन्मापासूनच. औषध नाही, पण हे वाढतही नाही. बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून हसलो. मी वेंधळा नव्हतो गं! आणि लगेच डोळे भरून आले, कारण मग रसायनशास्त्रात माझं काय काम? दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं, मी विषय सोडतो. त्या बराच वेळ टेबलावरचं पाणी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी तुला धीर नाही म्हणाले, ते चुकलं माझं. रंग बघायचं काम आपण यंत्राला देऊ. विचार करायचं काम तुझंच.’ आता माझ्या चंबूत आम्लता मोजणारी एक बारीक कांडी बुडवलेली असते आणि पडद्यावर आकडा सरकतो. आकडा उडी मारतो, मी तोटी बंद करतो. वर्गात पहिला वगैरे आलो नाही, पण पास झालो, चांगला पास झालो. बर्नरच्या ज्योतीचा रंग ओळखायचा असला की रेडिओ शेजारून सांगते, आणि ते आता मॅडमच्या परवानगीने.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं: ‘आईच्या माहेरी असं कुणाला आहे?’ मला आपला मामा आठवला. एका पायात तपकिरी, एका पायात हिरवा मोजा घालून लग्नाला आलेला. आपण त्याला किती चिडवलं! हे आईकडून मुलाकडे येतं, ताई. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात, म्हणून तिला पत्ताच नसतो. आणि यात तिचा काडीचाही दोष नसतो, हे वाक्य कृपा करून दोनदा वाच.

कारण परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस की, तुझ्या पिल्लूने चित्रात झाडाची पानं तपकिरी रंगवली, बाईंनी वर्गासमोर कागद फाडला, आणि मुद्दाम करतो म्हणून घरी तूही एक धपाटा घातलास. मी ‘हं’ म्हणून फोन ठेवला. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. कदाचित काहीच नसेल, नुसता खट्याळपणा असेल, तर मला हवं तेवढं हस. पण तोवर पाहुण्यांसमोर ‘हा कुठला रंग, सांग बघू’ असं त्याला कुणाला विचारू देऊ नकोस. खडूंवर रंगांची नावं लिहून दे. आणि आज शाळेतून आला की आधी जवळ घे. तो लबाडी करत नाहीये, ताई. त्याला झाड जसं दिसतं तसंच तो काढतोय.

तुझाच,
शेंडेफळ