ताटाच्या कडेचे काटे

काळाचौकी,
रविवार, दुपारी

प्रिय मेघू,

अक्षर बघून दचकू नकोस. आईचंच आहे, जरा वाकडंतिकडं झालंय एवढंच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की रोज पाच-सहा ओळी लिहायच्या, म्हणजे हात किती सुधारला ते कळतं. आता लिहू काय? किराण्याची यादी किती दिवस लिहिणार? एके काळी चाळीतल्या निम्म्या बायकांची गावची पत्रं मीच लिहून द्यायचे, तेव्हा म्हटलं पत्रच लिहावं. आणि पत्र लिहायचं तर तुलाच, कारण तुझ्याशी बोलून सहा वर्षं झाली. तुझं सासर अँटॉप हिलला, इथून बसने अर्ध्या तासावर, आणि मी बाबांकडून पोस्टाचं पाकीट आणवलंय. हस, हस. बाबा पण हसले, पण पाकीट मात्र दोन घेऊन आले, एक खराब झालं तर असावं म्हणून.

आधी तब्येतीचं सांगते. तुझा भाऊ वैभव फोनवर तुला काय सांगतो ते ठाऊक आहे मला. म्हातारी भ्रमिष्ट झाली, हेच ना? मेला तेवढाच हुशार. दोन वर्षांपूर्वी पायांपासून सुरुवात झाली. आधी तळव्यांना मुंग्या, मग हळूहळू जमीनच लागेना. गॅलरीतून चालताना वाटायचं, कुणीतरी खाली कापूस पिंजून पसरलाय. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटलं गो. जन्मभर लाद्या पुसून आणि जिने चढून टाचा फुटल्या होत्या, त्यांना एकदम सुट्टी मिळाली. मग जीभ हुळहुळायला लागली, कोरा चहासुद्धा झोंबायचा. आणि मग दिवस एकमेकांत मिसळायला लागले.

ते कसं सांगू तुला? दुपारी आपल्या जिन्याच्या जाळीतून ऊन येतं ना, पायऱ्यांवर त्याच्या चौकटी पडतात, तिथे मी बसून राहायचे. आणि त्या चौकटींतून तू वर यायचीस. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली, गुडघ्याला खरचटलेलं. मला काही नवल वाटायचं नाही. साडेपाच वाजले, शाळा सुटली, पोर घरी आली, यात नवल कसलं? एकदा तर मी छत्री घेऊन तुझ्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. सगळी पोरं गेली, फाटकाला कुलूप लागलं, तरी मी तिथेच. खालच्या मजल्यावरची प्रिती भाजी घेऊन येत होती, तिने हाताला धरून घरी आणलं. जेवायला एक ताट जास्त मांडायचे. वैशाली, तुझी वहिनी, ते उचलायची आणि मी पुन्हा मांडायचे. रडायची बिचारी, पण माझ्यावर एकदाही ओरडली नाही.

त्या दिवसांत तुझ्या पिवळ्या गोळ्या फार दिसायच्या मला. आठवतात? तू पहिलीत होतीस, पाय असे धनुष्यासारखे वाकायला लागले होते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, खोलीत ऊन येत नाही, पोरीच्या हाडांना ड जीवनसत्त्व कमी पडतंय, ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडात मुरत नाही. माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या आणि रोज गच्चीवर न्यायला सांगितलं. तू गोळी गिळायच्या आधी डोळ्याला लावून बघायचीस. आई, सगळी चाळ सोन्याची झाली, म्हणायचीस. आणि मग वर्गात माशाचे ढेकर द्यायचीस, बाईंची चिठ्ठी यायची. पण पाय सरळ झाले तुझे. इतके सरळ की एक दिवस त्याच पायांनी तरातरा जिना उतरून निघून गेलीस.

बरं, तर आजाराचं. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय असतं? वैशाली मोठ्या तोऱ्यात म्हणाली, आम्ही मालवणी, आमच्याकडे मासळीशिवाय ताट नाही. तिचं काय चुकलं? रोज मीच तर कालवण करून तिला वाढत होते. डॉक्टरांनी मान डोलावली, झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, डोक्याचा फोटो काढायला सांगितला. वय झालं, म्हणाले. मी एकसष्टची. बाबांनी घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि पाठमोरेच बसून राहिले. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं मला, पण का रडतायत ते ध्यानात राहत नव्हतं.

मग गणपतीनंतर शीवला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरसवदा बाई, पण नजर तिखट. तिने जीभ बघितली. जीभ गुळगुळीत, लाल झालेली. तिने वैशालीला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाली, मावशी, घरात काय शिजतं ते नको, तुमच्या पोटात काय जातं ते सांगा. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं गो. माझ्या तोंडून निघून गेलं की सहा वर्षं वशाट सोडलंय, मासे नाही, मटण नाही, अंडंसुद्धा नाही. दूध तर मला कधीच पचलं नाही. तिने कपाळावर हात मारून घेतला. रक्त तपासलं, त्यात बी-बारा जवळजवळ नव्हतंच. ती म्हणाली, विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसांवर वेष्टण असतं, हे जीवनसत्त्व नसलं की ते झिजतं आणि निरोप वाटेतच गळतात. पाय जमिनीला टेकला हा निरोपच माझ्या डोक्यात पोचत नव्हता. रक्तसुद्धा धड बनत नव्हतं. का सोडलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, वास सोसत नाही. बाबांनाही तेच सांगितलं. खरं कारण फक्त तुला सांगतेय.

फिलोमिनाबाई, तुझ्या सासूबाई, रायनचं बोलणं करायला आपल्याकडे आल्या तो दिवस आठव. डबा घेऊन आल्या होत्या, त्यांच्या ख्रिस्ती घरातले तळलेले, पावासारखे फुगे आणि सुरमईचं लोणचं. आपल्यासारखंच मराठी बोलत होत्या, आपल्यासारखेच मासे खाणाऱ्या, आपल्याइतक्याच मुंबईच्या. नव्हे, आपल्या कितीतरी आधीच्या. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. आपल्यात आलेला डबा रिकामा परत देत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. मी भरलेला डबा भरलेलाच त्यांच्या हातात ठेवला. त्या पदर सारखा करून निघाल्या. तू म्हणालीस, ज्या घरात त्यांचा डबा चालत नाही तिथे मला जेवायचं नाही. तुझ्या लग्नाला मी आले नाही. त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे बसून मी गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, की माझं चेडू माझ्या ताटाशेजारी जेवायला बसेपर्यंत मी वशाटाला शिवणार नाही.

घरात कळू दिलं नाही. वाढणारी शेवटी जेवते, तेव्हा बघायला असतं कोण? वैभवच्या ताटातले काटे माझ्या ताटाच्या कडेला सरकवून ठेवायचे, म्हणजे मी खाल्लं असं दिसायचं. मीठ वासावर घालायचे. पुढे पुढे चुकायचं, तर सगळे म्हणायचे आईचा हात गेला. सगळ्यांचा श्रावण दर वर्षी संपायचा, माझा काही संपला नाही.

डॉक्टरीणबाई आणखी एक बोलली, ते मनातून जात नाही. म्हणाली, हे जीवनसत्त्व शरीर लिव्हरमध्ये साठवून ठेवतं, तीन-चार वर्षं पुरेल इतकं, म्हणून खाणं बंद झाल्या झाल्या कळत नाही. म्हणजे बघ, तू या घरात असताना आपण दोघींनी मिळून जे खाल्लं, शुक्रवारचे बांगडे, तुझ्या हातची जळकी कोळंबी, त्यावर मी तू गेल्यावरही चार वर्षं चालत होते. मग तेही संपलं.

सुया सुरू झाल्या. आधी रोज एक, मग आठवड्याला, आता महिन्याला. कापूस विरळ झाला. एक दिवस मोरीतल्या लादीचा गारवा तळव्याला लागला आणि मी तिथेच उभी राहिले, पुन्हा पुन्हा पाय टेकवून बघत. जिभेला चव आली. नावं आली, वार आले, गॅस बंद केला की नाही तेही आठवायला लागलं. सगळे खूश, वैशालीने शिरा केला. त्या दिवशी साडेपाच वाजता मी सवयीने जिन्याशी जाऊन बसले. उन्हाच्या चौकटी पडल्या होत्या. तू आली नाहीस. तेव्हा लख्ख आठवलं की तू आता येत नाहीस, आणि का येत नाहीस. मेघू, शहाणी होण्यापेक्षा ते खुळेपण बरं होतं असं वाटलं मला. त्या धुक्यात तू रोज यायचीस.

आता खरं सांगते. हाताला वळण लागावं म्हणून लिहितेय, ही थाप आहे. सुया चालू आहेत, माशावाचून माझं काही अडत नाही, तेव्हा तब्येतीची दया घेऊन येऊ नकोस. पण काल दुपारी चौकटींकडे बघत असताना एक गोष्ट ध्यानात आली. गावी गाऱ्हाणं घालतात तेव्हा समोरून माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तेव्हाच ते पुरं होतं. मी एकटीनेच घातलं, व्हय म्हणायला समोर कुणी नव्हतंच. सहा वर्षं मी देवाला सांगत राहिले की मेघूला आण, आणि तुला एकदाही म्हटलं नाही की ये. म्हणून आज तुलाच म्हणते. चुकले मी, तू ये. रायनला घेऊन ये. आणि फिलोमिनाबाईंना सांग की सुभद्रेने सुरमईचं लोणचं मागितलंय, तोच डबा असेल तर तोच द्या. झाकण मी माझ्या हाताने उघडीन आणि पहिला घास त्यातलाच घेईन. पुढच्या रविवारी ताट मांडतेय तुझं, आता वैशाली ते उचलणार नाही. लांबलचक उत्तर लिहीत बसू नकोस. नुसतं ‘व्हय’ एवढं कळव.

तुझीच, वाट बघणारी,
आई