तैस्तोच्या शेडमधलं मशीन

३ नोव्हेंबर
तैस्तोला सोमवारी इस्पितळात घेणार. फुप्फुस. एवढंच म्हणाला, मग कॉफी ओतली.

आमचा प्रोग्रॅम छोटा. तळ्याकाठची एकतीस घरं, सगळी एकट्या म्हाताऱ्यांची. गळ्यातलं बटण दाबलं की शेजाऱ्याकडे घंटा वाजते. नाही वाजली तर — ते लिहीत नाही. कोड मी लिहिते. प्रत्येक बदल तैस्तोच्या शेडमधल्या मशीनकडे जातो. ते प्रोग्रॅम तयार करतं, खरी घंटा वाजवून बघतं, ‘पास’ कळवतं. सहा वर्षं असंच. आता तो नसताना?

४ नोव्हेंबर
भाड्याचे तीन सर्व्हर पाहिले. चार मिनिटांत निकाल! पण तिथे घंटा जोडता येत नाही. कोडनेच घंटेचं सोंग घ्यायचं.

तैस्तो म्हणाला, “दुसऱ्याच्या सौनात, वाफ घ्यायला बसलीस की तो म्हणेल तेव्हा बाहेर यावं लागतं.”
“तुझ्या शेडमध्ये उंदीर आहेत.”
“उंदीर नियम बदलत नाहीत, इर्या.”

९ नोव्हेंबर
दाखल झाला. लॅपटॉप सोबत नेलाय. हट्टी!

१२ नोव्हेंबर
बटणाची बॅटरी लवकर संपते, म्हणून एक बदल केला. दोन्हीकडे पाठवला. भाड्याचा सर्व्हर: चार मिनिटं, पास. शेड: गप्प.

१४ नोव्हेंबर
शेडकडून ‘पास’ आला. दोन दिवस लागले, पण खरी घंटा ऐकून सांगितलंय. एकतीसही घरांना नवा प्रोग्रॅम पाठवला. ठरलं — भाड्याचा नको.

१९ नोव्हेंबर
तैस्तो गेला.

२८ नोव्हेंबर
तैस्तोच्या बायकोचा, केर्तूचा सकाळी फोन. “नवऱ्याचं ते धूड घेऊन जा बाई, मला सरपण ठेवायचंय.”

गेले. मशीनची वायर गुंडाळून ठेवलेली.
“बंद का केलंस?”
“मी कशाला? जळालं की ते, दोन वर्षं झाली! तुला बोलला नाही? तोच बसायचा इथे घंटा वाजवत, लॅपटॉप मांडीवर घेऊन. म्हणायचा, इर्याला कळलं तर भाड्याचा घेईल.”
“मग चौदा तारखेचा ‘पास’? घंटा इस्पितळात नेली होती त्यानं?”
“तिथे घंटा वाजवू देतात होय?”
घंटा शेडमध्येच खिळ्याला टांगलेली होती. धूळ बसलेली.

२८ नोव्हेंबर, दुपार
पहिल्या घरासमोर गाडीत. चौदा दिवसांत एकाही घराची घंटा वाजली नाही. मला वाटत होतं, सगळे बरे आहेत.